पत्र कोणास धाडावे, फलकावर काय लावावे

घाटकोपर पूर्वेला पंतनगरच्या वसाहतीतून सकाळी स्थानकाकडे निघालेला माणूस जिना उतरून खाली येतो, तेव्हा पायथ्याच्या भिंतीवरील काचेच्या दाराच्या पेटीकडे त्याची दृष्टी क्षणभर वळते, आणि तेवढ्या अवधीत पाण्याची टाकी धुण्याची तारीख, देखभाल शुल्काची मुदत, एखाद्या वृद्ध शेजाऱ्याच्या निधनाची वार्ता त्याच्या मनावर उमटून जाते. तोच माणूस पुढे गाडीत दांडीला धरून उभा असताना दुसऱ्या हाताने मोबाइल उघडतो, तेव्हा त्याच संस्थेच्या सचिवाने धाडलेला ई-मेल बँकेच्या, विमा कंपनीच्या आणि वीजबिलाच्या पत्रांच्या गर्दीत त्याला दिसतो किंवा दिसत नाही. समूहाला काही कळवायचे असेल तर ते प्रत्येकाच्या नावे पत्राने कळवावे की सर्वांना दिसेल अशा एका जागी लावून ठेवावे, हा प्रश्न दिसायला किरकोळ आहे. परंतु त्याचे उत्तर चुकल्यामुळे सख्ख्या शेजाऱ्यांचे बोलणे बंद झालेले आणि चांगल्या ठरावांवर निबंधकांकडे तक्रारी गेलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून गृहनिर्माण संस्थांचे सचिव, उत्सव मंडळांचे कार्यवाह, शाळांच्या पालकसभा आणि माजी विद्यार्थ्यांच्या संघटना चालवणारे गृहस्थ व भगिनी यांच्यासाठी, आमच्या संस्थेच्या मानद सचिवपदाच्या नऊ वर्षांत जे शिकलो ते येथे मांडीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पत्र माणसाकडे जाते आणि फलकाकडे माणूस येतो, या एका भेदातून बाकीचे सारे भेद निघतात. पत्र ज्याच्या नावे निघाले त्याच्यावर ते उत्तराची, निदान पोच देण्याची, जबाबदारी टाकते. फलक कोणालाच नावाने हाक मारीत नाही, आणि म्हणूनच तो कोणालाही वगळीत नाही, उद्या नव्याने राहावयास येणाऱ्यालासुद्धा. पत्राची प्रत जितक्या माणसांकडे गेली तितक्या ठिकाणी ती विखुरते. फलकावरील मजकूर एकच राहतो, आणि त्याखाली जे लिहिले जाईल ते सर्वांच्या डोळ्यांसमोर, क्रमाने, एकाखाली एक साठत जाते. हा भेद कागदाच्या काळात जसा होता तसाच तो आज ई-मेल आणि संगणकावरील संदेशफलक यांच्यात आहे. साधन बदलले, धर्म बदलला नाही.

आपल्या महाराष्ट्रातील महसुली कारभाराने हा विवेक फार पूर्वीपासून बाळगला आहे, आणि शहरातील सुशिक्षित सचिवांना तो गावच्या चावडीवरून शिकता येईल, असे माझे प्रामाणिक मत आहे. जमिनीचा वारस लागला, वाटणी झाली किंवा खरेदीखत नोंदले गेले की तलाठी फेरफार धरतो. त्या वेळी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 याच्या कलम 150 प्रमाणे त्याच्यावर दोन कर्तव्ये एकाच वेळी येतात. त्या नोंदीची पूर्ण नक्कल चावडीत ठळक जागी लावावयाची, आणि अभिलेखावरून ज्यांचा त्या नोंदीत हितसंबंध दिसतो अशा प्रत्येकास लेखी सूचनाही द्यावयाची. हीच गावकऱ्यांच्या तोंडी असलेली ‘नऊ नंबरची नोटीस’. अधिनियम करणाऱ्यांना केवळ चावडीवर कागद लावून मोकळे होता आले असते, कारण गाव लहान असते आणि बातमी पसरते; किंवा केवळ संबंधितांना नोटिसा देऊन भागवता आले असते. तसे त्यांनी केले नाही, याचे कारण विचार करण्यासारखे आहे. ज्याचा हक्क जाणार किंवा येणार त्याला ती गोष्ट भिंतीवरून कळणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि ज्याचा हितसंबंध दप्तरात दिसत नाही, परंतु प्रत्यक्षात आहे, अशा एखाद्या बहिणीला किंवा कुळाला नोटीस जाणारच नाही, अशांसाठी चावडीचा कागद हा एकच आधार आहे. पत्र ज्ञात माणसासाठी आणि फलक अज्ञात माणसासाठी, अशी ही विभागणी आहे.

न्यायालयांची रीतही याच्याशी मिळतीजुळती आहे. समन्स प्रथम प्रतिवादीच्या हातात द्यावे, आणि तो बजावणी चुकवीत आहे किंवा नेहमीच्या रीतीने बजावणी होणे शक्य नाही अशी न्यायाधीशांची खात्री झाली तरच न्यायालयाच्या इमारतीत आणि त्याच्या शेवटच्या ज्ञात घरावर ठळक जागी ते चिकटवावे, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पाचव्या आदेशातील विसावा नियम सांगतो. भिंतीवर चिकटवलेला कागद येथे बजावणीच्या पायरीवर पोचतो खरा, परंतु तो दुसरा मार्ग आहे, पहिला नव्हे. आमच्याच भागात पावसाळ्यापूर्वी महानगरपालिका धोकादायक इमारतींना महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 354 खाली नोटिसा देते, तेव्हा त्या इमारतीवरही लावल्या जातात. कारण तेथे मालक, भाडेकरू, पोटभाडेकरू आणि रस्त्याने जाणारा पादचारी या सर्वांचा जीव एकाच छताखाली किंवा छतालगत असतो.

आता संगणकाकडे वळू. ई-मेल ज्या रूपात आपण वापरतो ते रूप अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी 1971 साली सिद्ध केले. माणसाचे नाव आणि त्याच्या यंत्राचे नाव यांच्यामध्ये आज सर्वपरिचित झालेले ते गोल चिन्ह घालण्याची कल्पना त्यांचीच. म्हणजे जन्मापासूनच ई-मेलच्या कपाळी पत्ता लिहिलेला आहे. संदेशफलकाचा जन्म निराळ्या गरजेतून झाला. 1978 च्या हिवाळ्यात शिकागो शहर हिमवादळाने कोंडले गेले असताना वॉर्ड ख्रिस्तेन्सेन आणि रँडी स्यूस या दोन हौशी संगणकप्रेमींनी, आपल्या मंडळाच्या सभासदांना टाचणीने कागद टोचण्याच्या फलकासारखी एक जागा दूरध्वनीच्या तारेवर मिळावी, या हेतूने एक यंत्रणा रचली आणि 16 फेब्रुवारी 1978 रोजी ती लोकांस खुली केली. एका वेळी एकच माणूस तेथे दूरध्वनी लावू शकत असे. तो आपला मजकूर वाची, आपले चार शब्द टोची आणि तार मोकळी करी. पुढे पुढे परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना अशा फलकांचे फार मोल वाटले. 1996 साली सुरू झालेल्या मायबोलीसारख्या संकेतस्थळावर परस्परांचे पत्ते ठाऊक नसलेली माणसे मराठीत बोलू लागली, ही गोष्ट पत्राने साधण्यासारखी नव्हती, कारण पत्र लिहावयास पत्ता लागतो आणि येथे पत्ताच कोणास माहीत नव्हता.

तेव्हा एखादी सूचना हातात आली की सचिवाने लेखणी उचलण्यापूर्वी स्वतःस प्रथम हे विचारावे, की या मजकुरामुळे कोणा एका व्यक्तीचा हक्क, देणे किंवा जागा यांवर परिणाम होतो काय. होत असेल तर पत्र अपरिहार्य आहे, मग ते कागदाचे असो वा ई-मेलचे, आणि त्याची पोच दप्तरी लागलीच पाहिजे. वाढीव देखभाल शुल्काची थकबाकी, गळतीबद्दल वरच्या मजल्यावरील सभासदास द्यावयाची समज, वाहनतळाच्या जागेचा बदल, नामनिर्देशनातील त्रुटी, ही सारी या वर्गातील प्रकरणे होत. थकबाकीदारांची नावे फलकावर झळकवण्याची एक रीत अनेक ठिकाणी रूढ आहे, तिचे मी कधीही समर्थन केले नाही. वसुलीसाठी सहकार कायद्याने रीतसर मार्ग दिलेला आहे, आणि शेजाऱ्याच्या मुलांनी शाळेतून येताना आपल्या वडिलांचे नाव भिंतीवर वाचावे, यातून वसूल होणारी रक्कम त्या मुलांच्या मनावर उठणाऱ्या वळापुढे काहीच नाही.

त्यानंतर विचारावे की या विषयावर चर्चा अपेक्षित आहे काय. येथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. आमच्या अंगणात चारचाकी गाड्यांसाठी रेषा आखण्याचा प्रस्ताव मी एकदा सर्व सभासदांना ई-मेलने धाडला आणि मते मागवली. पहिल्या दिवशी सात उत्तरे आली, दुसऱ्या दिवशी वीस. कोणी सर्वांस उत्तर दिले, कोणी मला एकट्यास, कोणी मधल्याच एका पत्रावर उत्तर लिहून निम्म्या माणसांची नावे अनवधानाने गाळली. त्यामुळे दोन सद्गृहस्थ एकमेकांच्या ज्या विधानांचे खंडन करीत होते ती विधाने परस्परांनी वाचलीच नव्हती. आठ दिवसांत त्या पत्रव्यवहाराच्या पाच शाखा झाल्या. तोडगा सर्वांना मान्य होण्यासारखा होता, आणि एका ज्येष्ठ भगिनींनी तो चौथ्या दिवशीच सुचवलाही होता. परंतु तो ज्या शाखेत होता ती निम्म्या संस्थेने पाहिली नाही, आणि पुढील सभेत त्या विषयावर जो कटू प्रसंग ओढवला तो टळण्यासारखा होता. चर्चा ही एका जागी, एका क्रमाने, सर्वांसमक्ष झाली पाहिजे; ई-मेल हे चर्चेचे आसन नाही. ज्या विषयाला पाचाहून अधिक उत्तरे येतील असे वाटते तो विषय संदेशफलकावर मांडावा आणि ई-मेलने फक्त एवढेच कळवावे, की अमुक विषय अमुक ठिकाणी मांडला आहे, अमुक तारखेपर्यंत आपले म्हणणे तेथेच लिहावे. हे ‘तेथेच’ फार महत्त्वाचे आहे. एका विषयाची दोन दप्तरे झाली की दोन्ही खोटी ठरतात.

तिसरा विचार काळाचा. हा मजकूर उद्या संपणारा आहे, की दहा वर्षांनी कोणी शोधत येणार आहे? रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असला की त्याची सूचना वर्तमानपत्रांत आणि स्थानकांत सर्वांसाठी लागते, आणि सोमवारी तिचे काम संपते. तिची पोच कोणाकडे मागण्याचे कारण नाही. उलट एखाद्याच्या पासाची मुदत संपली आहे ही गोष्ट त्या एकट्याची आहे. संस्थेतही पाणी बंद राहण्याची, कीटकनाशकाच्या फवारणीची, उद्वाहन दुरुस्तीची सूचना अल्पायुषी असते. तिला जिन्याखालचा फलक आणि मोबाइलवरील समूह पुरेसा आहे. परंतु इमारतीच्या संरचनात्मक तपासणीचा अहवाल, जलवाहिनीचा नकाशा, विम्याची कागदपत्रे, सभांची इतिवृत्ते ही दीर्घायुषी असतात, आणि ती जर केवळ ई-मेलने सभासदांना धाडली तर ती ज्या दिवशी हवी असतात त्या दिवशी कोणाच्याही हाती लागत नाहीत.

या ठिकाणी मी जरा अधिक थांबतो, कारण घाटकोपरने या बाबतीत जे सोसले आहे ते विसरण्याजोगे नाही. पश्चिमेस लालबहादूर शास्त्री मार्गालगत दामोदर पार्क येथे 25 जुलै 2017 रोजी साईसिद्धी ही चार मजली इमारत कोसळली आणि 17 जणांचे प्राण गेले. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलाच्या कामाकडे त्यानंतर सर्वांचे लक्ष वेधले गेले. त्या आठवड्यात पूर्वेकडील आमच्या इमारतीतही रात्री कोणास स्वस्थ झोप लागली नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांतून एकदा व्हावयास हवी, हे नियम आम्हांस ठाऊक होते. तपासणी झालेलीही होती. परंतु अहवाल कोठे आहे, असे एका तरुण सभासदाने विचारले तेव्हा तो माझ्या पूर्वीच्या सचिवांच्या खासगी ई-मेलमध्ये होता आणि ते कुटुंबासह दुसऱ्या शहरी स्थायिक झाले होते. अहवाल मिळण्यास अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांनी मला या लेखाचा विषय शिकवला. तेव्हापासून घरात भिंत काढण्यासाठी, न्हाणीघर हलवण्यासाठी किंवा गॅलरी आत घेण्यासाठी आलेला प्रत्येक अर्ज, त्यावरील अभियंत्याचा अभिप्राय आणि समितीचा निर्णय हे तिन्ही आम्ही संस्थेच्या फलकावर लावतो, संगणकावरच्या आणि भिंतीवरच्याही. अर्जदारास निर्णय पत्राने जातो, आणि त्याच्या वरच्या, खालच्या व शेजारच्या सदनिकाधारकांस त्याची नक्कल स्वतंत्रपणे जाते. खांब सर्वांचे असतात, म्हणून माहितीही सर्वांची असावी.

सहकारी गृहनिर्माण संस्थांपुरते काही नियम येथे सांगणे उपयुक्त ठरेल. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना पूर्ण 14 दिवस आधी आणि विशेष सर्वसाधारण सभेची सूचना पूर्ण 5 दिवस आधी द्यावी लागते. ती प्रत्येक सभासदास द्यावयाची असते, आणि शिवाय फलकावरही लावावयाची असते. येथेही चावडीचाच न्याय लागू आहे, हे वाचकांच्या ध्यानी येईल. पुनर्विकासाच्या प्रकरणात शासनाने अधिक काटेकोर वाट आखून दिली आहे. सहकार कायद्याच्या कलम 79 (अ) खालील 3 जानेवारी 2009 च्या निर्देशांत सभेची विषयपत्रिका 14 दिवस आधी हातबटवड्याने व नोंदणीकृत टपालाने धाडून तिची पोच संस्थेच्या अभिलेखावर ठेवण्याविषयी आणि विकासकाच्या निवडीच्या सभेचे चित्रीकरण करण्याविषयी सांगितलेले होते. पुढे 4 जुलै 2019 रोजी सुधारित निर्देश निघाले. पंतनगरात म्हाडाच्या जुन्या चार मजली इमारतींच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत, आणि ज्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक निर्णय अशा एका सभेत ठरतो त्यांनी, ‘मला मोबाइलवर कळले’ किंवा ‘मला कळलेच नाही’ यांपैकी कोणतेही वाक्य उच्चारावयाची पाळी येऊ नये, एवढी दक्षता समितीने घेतलीच पाहिजे. पुनर्विकासात मी पुढील क्रम सुचवीन: विषयपत्रिका हाताने दारी, सही घेऊन, तिची प्रत ई-मेलने, विशेषतः जे सभासद पुण्यास, बंगळूरास किंवा सातासमुद्रापलीकडे आहेत त्यांस, वास्तुविशारदाचा अहवाल, निविदांचा तुलनात्मक तक्ता आणि कराराचा मसुदा फलकावर, आणि त्यांवरील सर्व शंका व समितीची सर्व उत्तरे, एकही न गाळता, त्याच फलकावर, त्याच कागदाखाली. विकासकाच्या माणसाने एखाद्या सभासदास खासगीत दिलेले आश्वासन जेव्हा फलकावरील प्रश्न म्हणून लिहिले जाते, तेव्हा ते एक तर सर्वांना मिळते किंवा कोणालाच मिळत नाही. आणि दोन्ही गोष्टी संस्थेच्या हिताच्याच असतात.

ई-मेल ज्यांनी निवडला त्यांच्यासाठी कामाच्या काही गोष्टी. खाते संस्थेच्या नावाने काढावे, सचिवाच्या नावाने काढू नये. त्याचा परवलीचा शब्द मोहोरबंद पाकिटात अध्यक्षांकडे असावा आणि कार्यभार सोपवताना रोजकीर्द व शिक्क्यांबरोबर तोही सोपवून, तसे कार्यभाराच्या यादीत लिहून घ्यावे. सर्व सभासदांचे पत्ते एकमेकांस उघडे करू नयेत. ते बीसीसीच्या रकान्यात घालावेत, कारण एकाच्या हातून दुसऱ्याचा पत्ता जाहिरातदारांच्या हाती गेल्याची तक्रार नंतर निस्तरता येत नाही. फुकट मिळणाऱ्या जीमेल खात्यातून एका दिवसात 500 पत्त्यांपलीकडे पत्रे जात नाहीत, तेव्हा मोठ्या माजी विद्यार्थी संघटनांनी निमंत्रण शेवटच्या दिवसासाठी ठेवू नये. विषयाच्या ओळीत संस्थेचे नाव, विषय आणि तारीख ही तिन्ही असावीत. ‘महत्त्वाचे’ एवढेच लिहिलेली विषयाची ओळ काहीच सांगत नाही. एका पत्रात एकच विषय असावा. पोच हवी असेल तर पत्राच्या शेवटी तसे स्वच्छ लिहावे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 प्रमाणे ई-मेललाही लेखी दस्तऐवजाची मान्यता मिळू शकते, आणि पोच कोणत्या रीतीने द्यावी हे धाडणाऱ्याने ठरवले नसेल तर पत्र पोचल्याचे पुरेसे दर्शवणारे साधे उत्तरही पोच म्हणून चालते. ‘मिळाले’ असा एक शब्द आला तरी त्याची नोंद आवक वहीत करावी. ज्याचे उत्तर तीन दिवसांत आले नाही त्याच्याकडे कागद घेऊन जावे. यात कमीपणा काही नाही. पूर्वीचे कारभारी हेच करीत.

संदेशफलक ज्यांनी निवडला त्यांनी एक व्यथा आधीच ओळखून ठेवावी: फलकाकडे माणूस येतो, पण तो आलाच पाहिजे अशी सक्ती नसते. पहिल्या महिन्यात उत्साहाने येणारी माणसे तिसऱ्या महिन्यात येईनाशी होतात. यावर उपाय असा, की फलकावर जे असते ते दुसरीकडे कोठेही मिळू नये, आणि जे असते ते नेहमी ताजे असावे. भिंतीवरील फलकावर गेल्या दिवाळीची शुभेच्छापत्रिका चैत्रातही टाचलेली दिसली की लोकांची नजर त्या भिंतीवरून उठते ती कायमची. कागद लावतानाच त्यावर काढण्याची तारीख लिहावी आणि काढलेला कागद फाइलला लावावा. संगणकावरील फलकासाठी एका माणसाची नेमणूक करावी, आणि त्याला अयोग्य मजकूर काढण्याचा अधिकार द्यावा. परंतु काढलेल्या मजकुराची नक्कल व कारण त्याने अध्यक्षांकडे दाखल करावे, नाहीतर मतभेद दडपल्याचा आरोप येतो, आणि कधी कधी तो खराही असतो. गूगल ग्रुप्ससारख्या सोयीत एकच मजकूर फलकावरही राहतो आणि ज्यास हवा त्यास ई-मेलनेही जातो, आल्याबरोबर एकेक किंवा अनेक एकत्र करून. मध्यम आकाराच्या संस्थेस मला ही सोय सर्वांत सोयीची वाटली, कारण तेथे निवड सचिवाने करावी लागत नाही, वाचणारा ती स्वतः करतो.

आणि व्हॉट्सॲप? त्याचा उल्लेख टाळून हा विषय पुरा होणार नाही, कारण आज बहुतेक संस्थांचा कारभार त्यावरच चालतो. ते तातडीचे उत्तम साधन आहे. रात्री दोन वाजता पंप बंद पडला असता त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. परंतु ते पत्रही नाही आणि फलकही नाही. सकाळच्या सुप्रभाताच्या चित्रांखाली, वाढदिवसांच्या अभिनंदनांखाली सभेची सूचना दोन तासांत गाडली जाते. दवंडीचे जे स्थान गावात होते ते त्याला द्यावे: दवंडी ऐकून लोक चावडीवर जात, दवंडीलाच चावडी समजत नसत. ज्या संस्थेत समूहावरच ठराव होतात आणि अंगठ्याच्या चित्रांची बेरीज म्हणजे बहुमत मानले जाते, त्या संस्थेतील एकाही ठरावावर मी विसंबणार नाही.

घाटकोपरच्या वाचकांस भाषेविषयी एक शब्द. येथे एकाच जिन्यावर मराठी, गुजराती, तमिळ आणि हिंदी बोलणारी घरे असतात, आणि मराठीत लावलेली सूचना गुजराती आजींना, गुजरातीत लावलेली मराठी आजोबांना कळतेच असे नाही. पत्र ज्याच्या नावे आहे ते त्याच्या भाषेत लिहिता येते, हा पत्राचा एक मोठा गुण आहे आणि तो बहुधा वाया जातो. फलकावरील मजकूर मराठीत असावा आणि तारीख, वेळ, स्थळ व रक्कम यांच्या ओळी मोठ्या अक्षरांत, स्वतंत्र असाव्यात, म्हणजे ज्याला वाक्य वाचता येत नाही त्यालाही आकडे वाचून विचारता येते. ज्यांचे पाय जिना उतरत नाहीत आणि ज्यांच्या डोळ्यांना मोबाइलवरची अक्षरे दिसत नाहीत, अशी माणसे प्रत्येक इमारतीत असतात. आमच्या तिसऱ्या मजल्यावर अशा एक आजी होत्या. त्यांच्यासाठी एक शाळकरी मुलगी दर शनिवारी फलकावरील कागद वाचून दाखवीत असे, आणि पुढे वार्षिक सभेत त्यांनी निरोपाने पाठवलेला प्रश्न इतका नेमका होता की लेखापरीक्षकांना हिशेबात दुरुस्ती करावी लागली.

एवढे सर्व सांगितल्यावर कोणी मला एका वाक्यात निकाल मागितला, तर मी लहान समूहास, म्हणजे तीसएक घरांच्या संस्थेस, ई-मेल आणि जिन्याखालची पेटी यांवर भागवण्यास सांगेन. त्याहून मोठ्या समूहास, आणि पुनर्विकासाच्या किंवा मोठ्या दुरुस्तीच्या वाटेवरील प्रत्येक समूहास, आकार काहीही असो, संदेशफलक उभारण्यास सांगेन आणि ई-मेल केवळ हाक मारण्यापुरता व पोच घेण्यापुरता ठेवण्यास सांगेन.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हावयाची असते. तिची सूचना काढण्याआधी, सचिव बंधूंनो आणि भगिनींनो, सभासद नोंदवही उघडून प्रत्येक नावापुढे आज चालू असलेला ई-मेल पत्ता आहे की नाही हे पाहावे, नसेल तो मागून घ्यावा, आणि ज्यांच्याकडे तो नाहीच त्यांच्या नावांची निराळी यादी करून ती सूचनांच्या वहीत पहिल्या पानावर चिकटवावी. त्या यादीतील प्रत्येक दारी कागद घेऊन आपण स्वतः जावे.